मागून नेलेली पिशवी

मित्रांनो, खुंटीवरच्या पिशवीला तिची जन्मकथा कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगायला बसले आहे. मी एक जुनी निळी पिशवी आहे. माझे बंद दोनदा उसवले आणि दोनदा शिवले गेले. तळाचा रंग धुऊन धुऊन उडाला आहे. आतल्या बाजूला लाल दोऱ्यानं 'मृणाली' असं नाव घातलेलं आहे. मी दिसायला काही खास नाही. बाजारात भाजी आणणाऱ्या माझ्या बहिणी माझ्याहून देखण्या आहेत. पण मी जे वाहिलं, ते त्यांच्यापैकी कोणी वाहिलेलं नाही.

माझा जन्म नशिराबादला, बेबाबाईंच्या पुढच्या खोलीत झाला. बेबाबाई गावातल्या बायकांची ब्लाउजं आणि मुलांचे शाळेचे गणवेश शिवतात. मृणाली त्यांची एकुलती एक मुलगी. ती दहावीत असताना तिला दिवसातून दहा-दहा वेळा संडासला जावं लागू लागलं आणि रक्त पडू लागलं. आधी मूळव्याध म्हणून औषध झालं, मग जंत म्हणून झालं, मग शेजारच्या आजीनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. पोर वाळून काडी झाली. शेवटी जळगावच्या एका पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं की मोठ्या आतड्याला आतून जखमा आहेत, या आजाराला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. यात मुलीची काही चूक नाही. पण तो मुळासकट जातही नाही, गोळ्यांनी आटोक्यात ठेवावा लागतो.

त्याच आठवड्यात शाळेतून येताना बसमध्ये मृणालीचे कपडे खराब झाले. मागच्या बाकावरची दोन मुलं नाक धरून हसली. त्यानंतर आठ दिवस ती घराबाहेर पडली नाही. बेबाबाईंनी तिला समजावलं नाही की रागावल्या नाहीत. त्या मशीनवर बसल्या आणि त्यांनी मला शिवलं. बाहेरून गणवेशाच्या पँटींचं उरलेलं जाड कापड, आत मधोमध एक पडदा. पडद्याच्या एका बाजूला सुती अस्तर, दुसऱ्या बाजूला मृणालीच्या वडिलांच्या जुन्या रेनकोटचं अस्तर. "कोरडं इकडे, ओलं तिकडे," एवढंच त्या लेकीला म्हणाल्या. कोरड्या बाजूला एक सलवार, आतले कपडे, टॉवेलचा तुकडा, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली आणि बाहेरच्या कप्प्यात साबण. दुसऱ्या दिवशी मृणाली मला खांद्याला लावून शाळेत गेली. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला पहिला अभिमान.

माझं काम कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. मला कोणी उघडून पाहू नये, हीच माझी नोकरी. वर्गातल्या मुलींना वाटायचं की मृणाली डबा फार मोठा आणते. ज्या महिन्यात तिची तब्येत बरी असे त्या महिन्यात मी नुसती खुंटीवर लटकत असे. इतर पिशव्यांना रिकामं राहणं जिवावर येत असेल. मला मात्र त्यातच सुख होतं.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही जळगावला डॉक्टरांकडे जायचो. दवाखान्यात बसायला पुष्कळ खुर्च्या होत्या, पण संडासाच्या दारापाशी एकच लाकडी बाकडं होतं. शहाणी माणसं तिथे बसत नसत, वासामुळे. त्या बाकड्यासाठी मात्र तीन पोरांची दर वेळी चुरस. एक मृणाली. दुसरी भाविका, मुक्ताईनगरजवळच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी. तिचा आजार लहान आतड्याचा, नाव वेगळं, पण आमच्या आजाराचा भाऊबंदच. आणि तिसरा राजदीप, आजार मृणालीचाच. तो दीपनगरच्या वसाहतीतला, वडील देवचंद वीजकेंद्रात कामाला. राजदीप उंच, किडकिडीत आणि तोंडाचा फटकळ होता.

"आमदारकीला एवढे उमेदवार नसतात, जेवढे या बाकड्याला आहेत," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. भाविका हसली आणि हसता हसता पोट धरून आत पळाली. ती बाहेर आली तेव्हा तिघांची दोस्ती झालेली होती. दुखण्यातली दोस्ती अशीच होते, तिला ओळखपाळख लागत नाही.

तिघांनी फोनवर एक ग्रुप काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'बाकडं'. त्या बाकड्यावर त्यांचा एक नियम ठरला. तो भाविकानं काढला. ती म्हणाली, "घरी आई संडासाच्या दाराशी उभी. बाहेर आलं की विचारते, कितव्यांदा? रक्त होतं का? काकू विचारते, मावशी विचारते, लग्नात नवरीची मामीपण विचारते. आपण तिघं एकमेकांना हे कधी विचारायचं नाही. ज्याला सांगायचं तो सांगेल. कोणी गप्प झालं तर त्याला गप्प राहू द्यायचं."

"मंजूर," राजदीप म्हणाला.

"मंजूर," मृणाली म्हणाली.

मला सांगायला लाज वाटते, पण मलाही तो नियम फार आवडला होता. चार वर्षं तो त्यांनी पाळला. कोणी पंधरा दिवस ग्रुपवर दिसलं नाही तरी कोणी टोचत नसे. पंधरा दिवसांनी तो माणूस परत यायचा, काहीतरी टवाळी करायचा, आणि गप्पा पुढे सुरू. बाहेरच्या जगानं त्यांना इतकं विचारून विचारून सोललं होतं की न विचारणं हीच त्यांना माया वाटायची.

त्या चार वर्षांतला एक दिवस मी विसरणार नाही. डिसेंबर होता. खान्देशात डिसेंबरात भरीत नाही खाल्लं तर थंडी वाया गेली असं म्हणतात. पण या तिघांना हिरवी मिरची चालत नाही. भाविकाचे वडील जीवराम यांनी तिघांना शेतात बोलावलं आणि कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून, सालं नि बिया काढून, बिनमिरचीचं भरीत केलं. "मिरची नाई, तेलाचा तवंग नाई, हे भरीत हाये का पथ्य?" असं म्हणत त्यांनी स्वतःच्या हातानं वाढलं. तिघांनी मऊ भातासोबत चार-चार घास खाल्ले. मग पंपाच्या खोलीमागच्या संडासाकडे रांग लागली आणि माझी बाटली तिघांनी आळीपाळीनं भरून नेली. राजदीप म्हणाला, "असली भरीत पार्टी जळगाव जिल्ह्यात झाली नसेल." भाविका केळीच्या पानावर आडवी पडून हसत होती. मी बांधावर पडले होते. वाटलं होतं की हे असंच चालेल.

त्याच दिवशी राजदीपचा चेहरा मला थोडा सुजलेला दिसला होता. आजार उसळला की डॉक्टर स्टिरॉइडच्या गोळ्या देतात, त्या घेतल्या की तोंड फुगतं. तो तेव्हा धुळ्याला वसतिगृहात राहून इंजिनीअरिंगच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. मुलं त्याला 'पाव' म्हणायची. फेब्रुवारीत एका कंपनीची माणसं कॉलेजात मुलाखती घ्यायला येणार होती.

जानेवारीतल्या शनिवारी भाविका दवाखान्यात आली नव्हती. बाकड्यावर मृणाली आणि राजदीप दोघंच होते. राजदीप दोनदा आत जाऊन आला. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "मृणाली, तुझी पिशवी देशील का थोडे दिवस?"

मित्रांनो, चार वर्षांत राजदीपनं मला कधी खांद्याला लावलं नव्हतं. 'माझं मी बघतो' म्हणणारा पोरगा तो. त्यानं मला मागितलं याचा अर्थ काय, हे मृणालीला त्याच क्षणी कळलं. तिचा हात माझ्या बंदावर घट्ट झाला, ते मला जाणवलं. तिच्या तोंडापर्यंत प्रश्न आला होता. पण नियम होता. तिनं माझ्यातली सलवार आणि कपडे काढून एका कॅरीबॅगमध्ये भरले, मला त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "साबण नवा आहे."

"थँक्यू," तो म्हणाला. तो थोडा थांबला. मग गेला.

मृणालीला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला होता, हे तिनंच नंतर सांगितलं. किती प्रश्न पोटात होते आणि आपण एकही विचारला नाही, आपण किती चांगली मैत्रीण आहोत, असं तिला बसमध्ये वाटत होतं.

मी धुळ्याला गेले. पारोळ्याला बस थांबली तेव्हा राजदीप मला घेऊन पळाला आणि आम्ही परत आलो तोवर ड्रायव्हर हॉर्न वाजवून कावला होता. वसतिगृहात राजदीपची खोली एका टोकाला आणि संडास दुसऱ्या टोकाला. सहा संडास, त्यातल्या दोनच संडासांना कडी. रोज पहाटे, मुलं उठायच्या आधी तो मला घेऊन निघायचा.

चौथ्या दिवशी त्यानं गोळ्यांची एक पट्टी माझ्या रेनकोटच्या बाजूला टाकली. न फोडलेली. आठवड्यानं दुसरी टाकली. मला आधी काही उमगलं नाही. मग एकदा तो आरशासमोर उभा राहून गाल दाबून पाहत होता, सूज उतरत होती, आणि तो खूश होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मुलाखतीला नीट चेहरा घेऊन जायचं म्हणून पठ्ठ्यानं डॉक्टरांना न विचारता गोळ्या एकदम बंद केल्या होत्या. संध्याकाळी दीपनगरहून त्याच्या आईचा, भागाबाईंचा फोन यायचा. त्या विचारायच्या, "गोळ्या हायेत ना रे?" तो म्हणायचा, "आहेत आई, पिशवीत आहेत." खोटं बोलला नाही तो. गोळ्या माझ्यातच होत्या.

पिशवीला तोंड असतं, पण त्याचा काय उपयोग? मी रोज जड होत गेले. एका बाजूला ओले कपडे, त्यांच्याखाली गोळ्या. कपड्यांवरचं रक्त वाढत होतं आणि ते फक्त मला माहीत होतं. एवढी हतबल मी कधी झाले नव्हते.

त्याच्या खोलीत गिरधर नावाचा साक्रीकडचा, अहिराणी बोलणारा एक मुलगा राहायचा. चांगला पोरगा होता. एकदा त्यानं राजदीपला भिंतीला धरून चालताना पाहिलं आणि म्हणाला, "भो, तुन्या मैतरणीस्ले सांग ना. त्यास्ले बी हाईच दुखनं शे ना?"

राजदीप खाटेवर बसला. म्हणाला, "मृणालीला कळलंय. मी पिशवी मागितली तेव्हाच तिला कळलं असणार. विचारेल ती."

राजदीपनं फोन उशाशी ठेवला. फोन वाजला की तो पटकन उचलायचा. मित्रांनो, नियमाला 'मंजूर' म्हणणारा हा पोरगा नियम मोडला जाण्याची वाट पाहत होता. तोंडानं सांगायची त्याला लाज वाटत होती, म्हणून त्यानं मला मागितलं होतं. तेच त्याचं सांगणं होतं. नशिराबादहून मात्र काही आलं नाही. तिकडे मृणाली मोठ्या मनानं गप्प होती.

मुलाखत झाली. मी बाहेर खुर्चीखाली होते. अर्ध्यातून त्याला दोनदा उठावं लागलं. निकाल काय लागला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला ताप होता आणि पोट ढोलासारखं फुगलं होतं. तो मला घेऊन निघाला आणि व्हरांड्यात मधेच खाली बसला. मग आडवा झाला. गिरधर धावत आला.

"रगत शे भो हाई!" तो ओरडला. त्यानं राजदीपला पाठीवर घेतलं, मला गळ्यात अडकवलं आणि रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली.

देवचंद आणि भागाबाई दुपारी पोहोचले. डॉक्टरांनी सांगितलं की आतडं फुगून फाटलं आहे, आणायला उशीर झाला. ऑपरेशन झालं. मी खाटेच्या दांडीला लटकत होते. दोन दिवस भागाबाई त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी राजदीप गेला. तो वीस वर्षांचा होता.

पुढे मी दीपनगरच्या क्वार्टरमध्ये होते. भागाबाईंनी मला तीनदा धुतलं. पहिल्याच वेळी त्यांचा हात गोळ्यांना लागला. सगळ्या पट्ट्या त्यांनी ओट्यावर मांडल्या आणि नळ तसाच चालू ठेवून त्या बघत राहिल्या. नळ देवचंदनी येऊन बंद केला. राजदीपच्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या दिवशी मृणाली आली होती. ती बायकांमध्ये मागे बसली, बुद्धवंदनेला हात जोडले, आणि खुंटीवर मला पाहून तिनं मान खाली घातली. मला मागितलं नाही. भाविका आलीच नाही. तिला बरं नाही, एवढाच निरोप आला.

मग एका मंगळवारी भागाबाई मला घेऊन नशिराबादला आल्या. दुसऱ्याची वस्तू ठेवू नये, हे त्यांचं म्हणणं. बेबाबाईंनी मशीन थांबवून त्यांना बसायला दिलं. मृणाली पाणी घेऊन आली. भागाबाईंनी मला तिच्या हातात दिलं. माझी घडी त्यांनी इस्त्री केल्यासारखी घातली होती.

"बाई, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "त्यानं पिशवी मागितली, तवा तुले माहीत होतं का, त्याचं वाढलं म्हणून?"

बेबाबाईंनी लेकीकडे पाहिलं. मृणालीला 'नाही' म्हणता आलं असतं. खरंखोटं करायला राजदीप नव्हता, आणि मी कुठे बोलणार होते? मला तिनं छातीशी धरलं होतं.

"हो मावशी," ती म्हणाली. "मला कळलं होतं. मी विचारलं नाही. आमचं ठरलं होतं, विचारायचं नाही म्हणून." आणि ती रडू लागली. "मी विचारायला पाहिजे होतं."

भागाबाई रागावतील असं मला वाटलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"मी बी नाई विचारलं," त्या म्हणाल्या. "गोळ्या हायेत का, जेवला का, एवढंच विचारू. बाकीचं त्यानं विचारू नाई देलं. म्हने, आई, लाज वाटते. मले वाटे, त्याच्या दोस्तायले तेच दुखनं हाये, ते तर विचारत असतीन. म्हनून मी गप राह्यली."

आई दोस्तांच्या भरवशावर गप्प होती. दोस्त गप्प होते, कारण आया फार विचारतात. मधल्या मधे पोरगा फोन उशाशी घेऊन निजला होता. मित्रांनो, मी कापडाची आहे, तरी मला ते सोसलं नाही.

बेबाबाईंनी भागाबाईंना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. त्या गेल्यावर मृणालीनं फोन काढला. 'बाकडं' महिनाभर बंद होतं. भाविकाला फोन लावला तर जीवरामांनी उचलला. "बरी हाये. झोपलीये," म्हणाले.

एरवी मृणालीनं तिला झोपू दिलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्यात आपले कपडे भरले आणि मुक्ताईनगरची बस धरली. वाटेत भुसावळला तिला स्वतःलाच उतरावं लागलं. पुढची बस अर्ध्या तासानं मिळाली. भाविकाच्या घरी पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. हाताची हाडं दिसत होती.

"न सांगता कशाला आलीस?" ती म्हणाली.

"विचारायला."

"काय विचारायला?"

"रक्त किती दिवसांपासून जातंय?"

भाविका झटकन वळली. तिचे डोळे रागानं भरले होते. "आपलं ठरलं होतं ना? निघ तू. माझ्या घरातून निघ!"

मृणाली निघाली नाही. खाटेच्या कडेला बसली. मला मांडीवर घेतलं आणि जानेवारीतल्या त्या शनिवारचं सगळं सांगितलं. भाविका पुष्कळ बोलली. तुला कळलं होतं आणि तू मलापण सांगितलं नाहीस, म्हणाली. आता मला विचारून कोणता मोठेपणा मिळवतेस, म्हणाली. ते सगळं खरं होतं आणि मृणालीनं ते ऐकून घेतलं. शेवटी भाविका दमली.

"किती दिवस?" मृणालीनं पुन्हा विचारलं.

दारात जीवराम येऊन उभे होते. बापासमोर आजवर भाविकानं या गोष्टीचा शब्द काढला नव्हता. तिनं डोळे मिटले.

"सोळा," ती म्हणाली.

जीवराम गाडी काढायला वळले. तासाभरात आम्ही जळगावच्या रस्त्याला होतो. भाविका बारा दिवस दवाखान्यात राहिली आणि चालत घरी गेली. मृणालीशी ती पुढे दीड महिना बोलली नाही. मृणालीनं तरी फोन करायचा सोडला नाही. आता दोघी बोलतात, भांडतात, आणि एकमेकींना नको तेवढं विचारतात.

मित्रांनो, माझं आता वय झालं. बेबाबाईंनी मृणालीसाठी नवी पिशवी शिवायला घेतली आहे आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. मला धुवा, उन्हात वाळवा, एवढंही मी मागत नाही. माझं मागणं एवढंच आहे की तुमच्यातला कोणी आजारी असेल, आणि तो एकदम गप्प झाला, किंवा कधी न मागणाऱ्यानं एखादी साधी वस्तू मागितली, तर ती देऊन मोकळे होऊ नका. काय झालं ते त्याला विचारा. तो चिडेल, फोन आपटेल, तुम्हाला घराबाहेर काढेल. काढू द्या. मृणालीनं त्या शनिवारी विचारलं असतं तर राजदीप तिच्यावर भडकला असता, कदाचित वर्षभर बोलला नसता. ते वर्ष आम्ही दोघींनी आनंदानं काढलं असतं.